‘नेहमी’च्या रकान्यातल्या खुणा

मुलगी दुसरीत असताना शाळेनं आम्हाला डॉक्टरांकडं पाठवलं. राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यातून दोन सारखे फॉर्म मिळाले. एक वर्गाच्या बाईंनी भरायचा, एक आम्ही. बसल्या जागी चुळबूळ करते, वस्तू हरवते, दुसऱ्याचं बोलणं तोडते, अशी वाक्यं. आणि पुढं चार रकाने, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत.

बायकोनं भाकरी उरकल्यावर ओट्याशीच उभं राहून पेन्सिलीनं खुणा केल्या. जवळजवळ सगळ्या ‘नेहमी’त. मी म्हणालो, “नेहमी म्हणजे? झोपेतसुद्धा करते?”

“अहो, हा काय मराठीचा पेपर हाय व्हय?” ती हसली. “दिवसभर तिच्यामागं मी असते. तुमची मान पुस्तकातनं वर येते कधी?”

शब्दाचं निमित्त होतं. आपल्या मुलीच्या नावावर असला कागद लागणार, याची मला लाज वाटत होती. बायको पाणी भरायला गेली तेव्हा मी तिच्या खुणा खोडरबरानं पुसल्या आणि पेनानं ‘कधीतरी’त केल्या.

डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. “शाळेत त्रास दिसतोय, घरी तसा नाही. थोडं थांबून बघू.” बायकोनं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चारचौघांत मला खोटं पाडणं तिला जमलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “बरं केलंत.”

पुढं सात वर्षं, शाळेतून तक्रार आली की मी तिलाच म्हणायचो, “तू लाडावून ठेवलीस.” आधी ती भांडायची. मग गप्प राहू लागली. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाली, “पोरीवर ओरडू नका. माझंच कायतरी चुकलं.” तेव्हाही मी त्या फॉर्मबद्दल बोललो नाही. तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

ती गेल्यावर सहा महिन्यांनी मी मुलीला दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. त्या बाईंनी नीट तपासून सांगितलं, लक्ष न टिकण्याचा हा विकार लहानपणापासूनचाच आहे, लाडामुळं होत नाही, आणि उपचार लवकर सुरू झाले असते तर पोरीचे हाल कमी झाले असते.

परतताना रिक्षात मुलगी म्हणाली, “पप्पा, लाडानं होत न्हाय म्हणे. आईला माहीत होतं की?”

मी हो म्हणालो. तिनं मोठा श्वास सोडला.

ते खोटं होतं; तिची आई शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत गेली, माझ्यामुळं. मुलीला समोर बसवून सांगायचं धैर्य अजून होत नाही, म्हणून आधी इथं लिहितो आहे.