वासंती कुएन्कात बसली तेव्हा

"मावशी, आई गेला."

मीराचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळ, स्लाऊच्या लायब्ररीबाहेर पुस्तकं परत टाकायच्या पेटीपाशी उभी होते. मीरा ही माझ्या मैत्रिणीची, वासंतीची मुलगी. इल्फर्डमध्ये जन्मली, वाढली, मराठी आवडीने बोलते, पण गेला-गेलीचा घोळ तिचा अजून सुटलेला नाही. वासंती तिला दर वाक्याला अडवायची. त्या दिवशी माझ्याही ओठांवर "गेली म्हण" एवढंच आलं होतं. मी विचारलं, "कुठे गेली?" कारण वासंती सारखी कुठे ना कुठे जातच असायची. मग मीरा म्हणाली, "बस स्टॉपवर, मावशी. हार्ट. पॅरामेडिक्स पटकन आले, पण..." हातातली दोन पुस्तकं मी पेटीत न टाकताच घरी घेऊन आले. त्याला आता सहा आठवडे झाले. पुस्तकं अजून घरातच आहेत, आणि मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरते आहे. काहीतरी करायचं राहिलंय असं वाटतं, आणि ते काय ते मात्र आठवत नाही.

आमची ओळख छत्तीस वर्षांची. दोघीही नव्याने लग्न होऊन इल्फर्डला आलो होतो आणि एकाच घराच्या वरच्या-खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. ती सांगलीची, मी पुण्याची. ती हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती, आणि दिवसभर लोकांना "सावकाश, घाई करू नका" असं सांगून घरी आली की स्वतः एक मिनिट स्वस्थ बसायची नाही. चहा उभ्यानेच प्यायची. गणपतीच्या आरतीला मंडळाच्या हॉलमध्ये शेवटचं कडवं चालू असतानाच ही मागच्या खुर्च्या मिटायला लागलेली असायची. तिचे यजमान गेले तेव्हा भेटायला आलेल्या लोकांना ती दारातच म्हणाली होती, "बसा तुम्ही, मी आलेच," आणि तासभर आतच भांडी घासत राहिली. मला कधीकधी याचा राग यायचा. हिच्याशी काही मनातलं बोलायचं तर हिच्यामागे धावत बोलावं लागतं, असं मी तिला तोंडावर सांगितलंही होतं. त्यावर ती हसली होती आणि हसता हसता कपाट आवरत राहिली होती.

एक गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. मीरा तीन आठवड्यांची असताना सांगलीला वासंतीची आई गेली. बाळाचा पासपोर्ट झालेला नव्हता, अंगावर पिणारं मूल टाकून जाता येईना. ती गेली नाही. नंतर दोन वर्षांनी गेली तेव्हा आईची खोली भावाने भाड्याने दिलेली होती. "दार वाजवून त्या लोकांना काय सांगणार?" एवढं म्हणून ती उठली आणि कपडे वाळत घालायला गेली. पुढे हा विषय मीही काढला नाही.

दीड वर्षापूर्वी, रिटायर झाल्यावर, तिचा फोन आला. "शैले, कुएन्काला चल."

"कुठे?"

"इक्वेडोर. अँडीज पर्वतातलं जुनं गाव आहे, स्पॅनिश लोकांनी वसवलेलं. फार सुंदर आहे म्हणतात. दहा दिवस."

मी फोटो पाहिले आणि भुलले. निळ्या घुमटांचं कॅथेड्रल, फरसबंद रस्ते, लाकडी सज्जे, नदीच्या कडेला उंचावर ओळीने उभी असलेली घरं. नवरा म्हणाला, जा. माद्रिदवरून ग्वायाकिलला उतरलो आणि तिथून बसने वर निघालो. केळीच्या बागा मागे पडल्या, बस वळणं घेत धुक्यात शिरली आणि चढतच राहिली. सर्वांत उंच घाटात माझं डोकं ठणकायला लागलं, कानात दडे बसले. तिथे वासंतीने पिशवीतून एक पार्सल काढून मांडीवर घेतलं. एक लोकरीचा स्वेटर, मलमाच्या दोन ट्यूब, लिफाफ्यात घातलेले फोटो.

"हे काय?"

"मार्ताच्या आईसाठी."

मार्ता तिच्या डिपार्टमेंटमध्ये सफाईचं काम करायची. मूळची कुएन्काची. चौदा वर्षं लंडनमध्ये होती, पण तिच्या कागदपत्रांचा निकाल लागत नव्हता. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येता येणार नाही अशी तिची गत. आई म्हातारी. फोन भाऊ उचलायचा, आणि गेले सात महिने दर वेळी एकच सांगायचा, आई झोपली आहे. सात महिन्यांत मार्ताने आईचा आवाज ऐकला नव्हता. ती आहे की नाही, तेवढंच बघून या, असं तिने वासंतीला सांगितलं होतं.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली नसतीस," वासंती खिडकीबाहेर बघत म्हणाली. ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त लागलं.

गाव फोटोंपेक्षाही सुंदर निघालं. हवा आपल्या महाबळेश्वरसारखी, सकाळी कोवळं ऊन, दुपारी पावसाची सर. घेरदार चुणीचे घागरे, दोन वेण्या आणि गवताच्या विणलेल्या पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका टोपल्या घेऊन चढ चढत होत्या. तिथल्या जुन्या राज्यकर्त्यांच्या वाड्यांचे तासलेले दगड काढून स्पॅनिश लोकांनी आपल्या इमारती बांधल्या, आणि ते दगड कुठेकुठे भिंतींत दिसतात, असं गाइड सांगत होता. मी ते शोधत होते. वासंती घरांचे नंबर शोधत होती. मार्ताने दिलेला पत्ता सापडला तो नदीच्या वरच्या रस्त्यावर, पण त्या घराचं हॉटेल झालेलं होतं. आतल्या चौकात कारंजं, वेताच्या खुर्च्या, ब्रेकफास्ट करणारे टूरिस्ट. रिसेप्शनवरच्या मुलीने इंग्रजीत नम्रपणे सांगितलं, घर विकलं गेलं, आधीच्या लोकांचं काही माहीत नाही. भावाचा फोन लागेना. पुढचे दोन दिवस वासंती चर्च, दवाखाना, पोलीस चौकी असं करत राहिली, आणि मी तिच्यामागे धापा टाकत.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा बांध फुटला. "वासंती, मी इथे फिरायला आलेय. पोस्टमन म्हणून नाही."

"मग फिर ना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने पार्सल काखेत घेतलं आणि निघून गेली.

मी एकटीने डोंगरातल्या जुन्या वाड्या-मंदिरांच्या अवशेषांची टूर घेतली. सूर्यमंदिराच्या भिंतीपाशी उभं राहून मी काय पाहिलं ते आज मला सांगता येणार नाही. सारखं घड्याळ बघत होते. संध्याकाळी परत आले तर वासंती हॉटेलच्या पायऱ्यांपाशी येरझाऱ्या घालत होती. माझ्यासाठीच थांबलेली.

"सापडली," ती म्हणाली. "आहे."

कॅथेड्रलशेजारी फुलांचा बाजार भरतो. मार्ताची आई पूर्वी तिथे फुलं विकायची, हे वासंतीला दोन दिवसांनी आठवलं होतं. फोनवरचा फोटो दाखवत ती एकेका बाईपुढे उभी राहिली. सहाव्या-सातव्या बाईने फोटो हातात घेतला आणि दुकान शेजारणीवर सोडून वासंतीला बसमध्ये बसवून दिलं. गावाच्या टोकाला ननांनी चालवलेला वृद्धाश्रम होता. भावाने घर विकून आईला तिथे ठेवलं होतं, आणि ते बहिणीला सांगायची लाज वाटून तो दर वेळी आईला झोपवत होता. वासंती चिडली होती ती घर विकल्याबद्दल नाही. "मेली तरी म्हणायचं होतं, नाहीतर जिवंत तरी. सात महिने झोपली आहे म्हणून सांगतो," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. रोसा आजी अंगणातल्या बाकावर बसल्या होत्या, चिमणीएवढ्या. थोडंफार इंग्रजी येणाऱ्या एका ननने त्यांना आम्ही कोण ते समजावलं. वासंतीने फोन लावला. पडद्यावर मार्ता दिसली, हॉस्पिटलच्या मॉप-बादल्यांच्या खोलीत उभी, अंगात युनिफॉर्म. आजी काचेवरून बोट फिरवत राहिल्या, त्याने कॉल कट झाला, तो पुन्हा लावावा लागला... मी तोंड फिरवून शेवग्यासारख्या कुठल्याशा झाडाकडे बघत उभी राहिले.

कॉल संपला. आता निघायचं, असं धरून मी पर्स खांद्याला लावली. पण आजींनी वासंतीचा हात धरून ठेवला होता, आणि वासंती त्यांच्या पायाशी एका बुटक्या स्टुलावर बसली. दोन तास बसली. इतक्या वर्षांत मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती. आजी स्पॅनिशमध्ये काहीबाही सांगत होत्या. वासंती मराठीत उत्तरं देत होती, अगदी ठरल्यासारखी. सांगलीच्या घाटाबद्दल, हळदीच्या पेठेबद्दल. मग मी तिला म्हणताना ऐकलं, "आई, बाळाचा पासपोर्ट आला नव्हता गं. मी येणार होते." आजींनी मान हलवली आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मी दूर जाऊन बसले.

उरलेले सगळे दिवस आम्ही तिथेच गेलो. मी रोज बाजारातून फुलं घेऊन जायचे. माझं एक म्युझियम बघायचं राहिलं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी जे बोलले होते त्याबद्दल मी तिची माफी मागितली नाही. माफी मागायला लागले की ही उठून जाईल, असं स्वतःला सांगत राहिले.

परत आल्यावर मार्ता आईशी रोज बोलायला लागली. पण रविवारी दुपारी चारला आजी वासंतीला वेगळा फोन करत, ननच्या फोनवरून. दोघी आपापल्या भाषेत बोलत. हे मला माहीत होतं, पण मी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी मीराबरोबर तिच्या आईचं स्वयंपाकघर आवरायला गेले. मार्ताही आली होती. क्रिमेटोरियमनंतर ती मला पहिल्यांदाच भेटत होती. डबे रिकामे करता करता मीरा म्हणाली, "मावशी, आईचा फोन मी चालू ठेवला आहे. दर रविवारी तो कॉल येतो. मी उचलत नाही." मी मार्ताकडे पाहिलं. तिने अजून आपल्या आईला वासंतीचं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, आईचं वय एवढं, तिला कशाला... वासंती प्रवासाला गेली आहे असं सांगते मी. आणि तुम्हीही तेच सांगा.

चार वाजता फोन वाजला. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी उचलला.

"वासान्ती?" आजी पडद्याच्या फार जवळ आल्या होत्या. कपाळ आणि एक डोळा तेवढा दिसत होता.

प्रवासाला गेली आहे, हे मी बोलणारच होते. पण झोपली आहे, झोपली आहे म्हणत सात महिने काढणाऱ्या भावाबद्दल वासंती काय म्हणाली होती ते कानात वाजलं. मी म्हणाले, "आजी, मी शैला. वासंती गेली. सहा आठवडे झाले." मराठीतच म्हणाले, दुसरं काही येत नव्हतं. मग मार्ता माझ्याजवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने तेच आपल्या भाषेत सांगितलं.

आजी मागे सरकल्या. आता पूर्ण चेहरा दिसत होता. मग बोलायला लागल्या, हळूहळू, न थांबता. मला त्यातलं वासंतीचं नाव तेवढं कळत होतं. मार्ता भाषांतर करायला लागली, तशी मी तिला नको म्हणाले. ओट्याला टेकून उभी होते, ती खुर्ची ओढून बसले. आजींचं संपल्यावर मी बोलले. कुएन्काच्या त्या सकाळी वासंतीला काय म्हणाले होते ते सांगितलं, आणि मला तसं म्हणायचं नव्हतं, हेही. मीरा डबा हातात धरून ऐकत होती. आजींनी मान हलवली.

फोन ठेवण्याआधी ननने इंग्रजीत विचारलं, "पुढच्या रविवारी तुम्ही असाल का, असं त्या विचारतायत."

मी माझा नंबर दिला.