अर्ध्या दिवसानं ज्येष्ठ

ज्येष्ठता यादीचा एवढा कडवा भक्त आमच्या अकोल्याच्या महामंडळात दुसरा झाला नाही, होणारही नाही! माझ्या शेजारच्या टेबलावरचा हा गृहस्थ रोज बडनेऱ्याहून गाडीनं यायचा. आम्ही एकाच दिवशी कारकून म्हणून रुजू झालो. तो सकाळी, मी दुपारी. कारण आज नातवंडांना वक्तशीरपणा शिकवणारी मी तेव्हा नोकरी लागली म्हणून नटूनथटून फोटो स्टुडिओत बसले होते! "बाई, तुमी दुपारच्या, मी सकायचा," हे त्यानं मला पंधरा वर्षं ऐकवलं. पंख्याखालची खुर्ची त्याची, पहिला चहा त्याचा, दारातून आधी तो. एकदा रेकॉर्ड रूममध्ये हा भला मोठा साप निघाला! मी किंचाळले, "पळा की आधी, सीनियर ना तुम्ही?" तर म्हणतो कसा, "संकटात ज्युनियर आधी. निंघा!" आणि खरंच, मी बाहेर पडेपर्यंत हलला नाही.

मग कर्मचारी कपातीचा आदेश आला. कारकुनाचं एक पद रद्द. सर्वांत कनिष्ठाला भरपाई देऊन घरी पाठवायचं. यादीच्या तळाशी मी, माझ्या वर तो. माझी दोन पोरं शाळेत. मी रडले, आणि रडतारडता त्यालाच बोलले, "झालं समाधान?"

तो आठ दिवस जुन्या फायलींत डोकं खुपसून बसला आणि नवव्या दिवशी अक्षरशः धावत आला. "बाई, सापडलं! एकाच निवड यादीतले असले त रुजू व्हायची वेळ कोन पायते? गुणक्रम पायतेत! तुमी सहाव्या, मी सातवा! पंधरा वर्सं यादी चुकीची चालून राहिली ना!" अर्ज त्यानंच लिहिला, साहेबांपुढे तावातावानं भांडलाही तोच.

साहेब चक्रावले. "अहो, हे मान्य केलं तर तुम्ही घरी जाल!"

"जाईन ना साहेब. पन यादी बरोबर लागली पायजे!"

यादी बदलली! आणि मी बावळट, उड्या मारत पेढे घेऊन आले, पहिला त्याच्याच हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला, रुमालाला बोटं पुसली, भरपाईच्या कागदावर सही केली. त्याच्याही दोन पोरी शाळेत होत्या. मला ठाऊक होतं. तरी गाडीची वेळ झाली म्हणून तो उठला, तेव्हा तोंडात पेढा होता म्हणून मी नुसता हात हलवला.