आप्पांनी न्हाऊ घातलेली यानं

आप्पा माझ्या घरी जेवत नसत. पाणीसुद्धा पीत नसत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत, आणि आई गेल्यापासून तर ते ती जास्तच कडक पाळायला लागले होते. दौंडहून सकाळच्या एस.टी.नं शिरूरला यायचे. येताना भाकरी-चटणी फडक्यात बांधून आणायचे, पाण्याची बाटली वेगळी. दुपारी आमच्याच ओट्यावर बसून खायचे. मला मूल नव्हतं आणि होईल असं डॉक्टरही आता फारसं म्हणत नव्हते. ते फडकं सुटलं की सगळ्या आळीला त्याची पुन्हा आठवण व्हायची. मला त्या फडक्याचा भयंकर राग होता.

नवरा रांजणगावला एका कंपनीत इंजिनिअर होता, मी तिथंच दुसऱ्या कंपनीत पेंट शॉपमध्ये तपासणीला. त्याला ट्रेनिंगसाठी परदेशी पाठवलं. लोक तिथून चॉकलेटं आणतात, अत्तरं आणतात. ह्यानं खोकंभर अंतराळयानं आणली. बोटाएवढी, प्लॅस्टिकची. ती टेबलावर मांडायची, पट्टीनं मोजून पुढं सरकवायची, फासे टाकायचे आणि समोरच्याची पाडायची, असा तो खेळ. रविवारी त्याचे दोन मित्र यायचे आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर युद्ध पेटायचं. "घोडनदीला पूर आला तर हलता येत नाही, आणि निघालेत आकाश जिंकायला," असं म्हणत मी चहा ठेवायचे.

खेळात मला काडीचा रस नव्हता, पण त्या यानांचा रंग बघवेना. जत्रेतल्या शिट्ट्यांना असतो तसला भडक लाल-पिवळा. एवढ्या लांबून लढून आलेलं यान असं नवंकोरं कसं दिसेल? एका सुट्टीच्या दिवशी मी एक उचललं आणि करड्या रंगाचा हात दिला. मग मला थांबताच येईना.

कंपनीत दिवसभर मी पत्र्याच्या दारांवर ओरखडा, फोड, धुळीचा कण शोधायचे आणि दिसला की माल परत पाठवायचे. घरी येऊन तेच ओरखडे मुद्दाम काढायला लागले. पातळ काळा रंग खाचांत सोडायचा आणि वरून पुसून घ्यायचा. स्पंजच्या तुकड्यानं कडांवर रुपेरी ठिपके टेकवले की तिथला रंग उडालाय असं वाटतं. वाण्याकडचा गेरू कोरड्या बोळ्यानं घासला की गंज. समईची काजळी बोटावर घेऊन मागच्या नळकांड्यांपाशी ओढली की धूर. सगळा ताफा असा तयार झाला. हे सगळं पक्कं बसवायला वरून बिनचकाकीचं वॉर्निश मारायचं तेवढं राहिलं होतं, ते पुण्याहून यायचं होतं. तोवर कुणी हात लावू नये म्हणून यानं मी कपाटावर ठेवली होती.

खंडेनवमीला कंपनीत मशिनांची पूजा झाली आणि आम्हाला लवकर सोडलं. पेढा हातात घेऊन घरी आले तर आप्पा आलेले. किल्ली शेजारी असायची. टेबलावर पाट, पाटावर माझा सगळा ताफा रांगेत. साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशनं घासलेला, वर खोबरेल तेलाचा हात, हळदकुंकू, आणि प्रत्येक यानावर झेंडूची एकेक पाकळी. नुसता चमकत होता.

"लई राड झाली व्हती बघ," आप्पा खुशीत म्हणाले. "काही काहींवर तर गंज चढला व्हता. तुला येळ कुठं मिळतुया? म्हनलं, आज खंडेनवमी, घरातली वस्तू अशी पारोशी ऱ्हाऊ नये."

आप्पांचा जन्म रेल्वेच्या शेडमध्ये रंगारी म्हणून गेला. खंडेनवमीच्या आधी इंजिन घासायचं, पुसायचं, त्याचा नंबर नव्यानं रंगवायचा, हेच त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव.

"माझ्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही," मी म्हणाले, "मग माझ्या वस्तूंना हात लावलेला बरा चालतो?"

आप्पा उठले. चपला घातल्या आणि स्टँडकडं निघाले. भाकरीचं फडकं ओट्यावर तसंच राहिलं, गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला धड रडताही येईना.

संध्याकाळी नवऱ्यानं यानं पाहिली आणि आधी पोटभर हसून घेतलं. "अभ्यंगस्नान केलेली यानं जगात आपल्याकडंच असतील," म्हणाला. मग त्याला ओट्यावरचं फडकं दिसलं. "उद्या दसरा आहे. सोनं द्यायला जा त्यांना. आणि खोकं बरोबर ने."

न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.त खोकं मांडीवर घेऊन बसले. दौंडला आप्पांच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडले. कालचा विषय दोघांनीही काढला नाही. "चला, स्टेशनावर जाऊन येऊ," मी म्हणाले, आणि त्यांना पुलावर घेऊन गेले. खाली मालगाडीचं इंजिन उभं होतं. छपरावर काजळी, बाजूनं तेलाचे ओघळ, दाराशी रंग उडालेला. मी खोक्यातून एक यान काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे मला असं दाखवायचं होतं, आप्पा. कामावरून आलेलं."

त्यांनी यान पाहिलं, इंजिन पाहिलं. "म्हंजी ती घाण तू मुद्दाम लावली व्हती?"

"हो."

"खुळी का काय तू? आमी जलमभर पुसून मेलो, आन् तू लावत बसलीस व्हय!" आणि कठड्याला धरून ते इतके हसले की येणारे-जाणारे वळून बघायला लागले. आई गेल्यावर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते स्वतःचे ब्रश घेऊन आले. फडकंही आणलं होतं, ते नेहमीच्या खुंटीला अडकवलं. आधी सगळ्या यानांचं तेल काढावं लागलं. मग मी खाचा आणि कडा धरल्या, त्यांनी गेरू आणि काजळी. त्यांचा हात आता थरथरायचा, त्यामुळं धूर वाकडा जायचा. मी "जास्त होतंय" म्हणायचे, ते "तुला काय कळतंय" म्हणायचे. दुपार कधी टळली दोघांनाही कळलं नाही. काम संपलं तेव्हा दिवेलागण झाली होती. मी माझं आणि नवऱ्याचं ताट घेतलं. आप्पांना विचारायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

ते मोरीत हात धुऊन आले. नखांत गेरू तसाच होता. खुंटीकडं गेले नाहीत. टेबलापाशी खुर्ची ओढून बसले.

"मला बी वाढ," म्हणाले.

मी हातातली ताटं टेबलावर ठेवली.

"त्या दिशी उपाशी गेलो, पर भाकरी न्हाई आठवली गाडीत. तुझं बोलनंच आठवत ऱ्हायलं. खरं बोललीस. वाढ आता."

मी तिसरं ताट घेतलं. त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, एक घास खाल्ला, सावकाश चावला. नवराही जेवायचा थांबून त्यांच्याकडं बघत होता.

"कालवणात मीठ कमी हाय," आप्पा म्हणाले.

एरवी माझ्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली तर मी त्याची खैर ठेवत नाही. त्या दिवशी मी मीठ आणायला आत गेले, आणि बरणी हातात धरून बराच वेळ तिथंच उभी राहिले.