चहा उपासाला चालतो

मला राग यायचा तो ‘बॉर्डरलाइन’ या शब्दाचा. धड आजारी नाही, धड बरी नाही. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “थायरॉईड जरासा मंद आहे. तीन महिने वाट पाहू.” वाट पाहायला त्यांचं काय जात होतं? केस माझे गळत होते.

तेव्हा मी कोथरूडला एका बंगल्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. अमरावतीहून आलेली, नव्या नोकरीची, सत्तावीस वर्षांची. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस सव्वासातला कोपऱ्यावर यायची. दुपारी तीन वाजले की मी स्क्रीनपुढे बसल्या बसल्या पेंगायचे. एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसायचे. टीम लीडर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, “मॅडमना एक उशी आणून द्या रे.” सगळे हसले, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आळशी आणि आजारी यांतला फरक कुणाला समजावून सांगायचा म्हटलं तरी अंगात त्राण लागतं.

खाली घरमालकीण काकू एकट्या राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. रोज सकाळी साडेसहाच्या ठोक्याला जिन्याखालून हाक यायची, “चहा झालाय. गार झाला तर माझी जबाबदारी नाही.” मी खाली जायचे. स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर दहा मिनिटं. स्वेटर बघून काकू विचारायच्या, “महाबळेश्वरला निघालीस का?” एवढंच. पण दिवसभरात कामाशिवाय माझ्याशी कुणी बोललं असेल, तर ते त्या दहा मिनिटांतच. त्या चहासाठीच मी अंथरुणातून उठत होते.

तीन महिन्यांनी रिपोर्टातला आकडा थोडा वर सरकला, म्हणजे थायरॉईड आणखी मंदावला, आणि गोळी सुरू झाली. सकाळी, रिकाम्या पोटी, एक. रविवारी फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, “कोणाले सांगू नको बाप्पा. स्थळं पाहणं सुरू आहे. पोरीले गोळ्या चालू आहेत म्हटलं की लोकं मागं सरतात.” मी गोळ्यांची बाटली पायमोज्यांच्या डब्यात लपवली. चोरी केल्यासारखी.

काकूंची हाक आली की मी गोळी तोंडात टाकायचे, घोटभर पाण्याबरोबर गिळायचे, जिना उतरायचे आणि त्यावर चहा प्यायचे. रिकाम्या पोटीच की! आमच्या घरात चहाला खाणं कुणी म्हटलंच नाही. कडक संकष्टी करणारी माझी आई चंद्रोदयापर्यंत चहावरच तर असायची.

चार महिने झाले. फरक शून्य. उलट आकडा आणखी चढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळी कधी घेता?”

“चहाच्या आधी.”

“किती आधी?”

“जिना उतरेपर्यंत.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “अहो, दुधाचा चहा प्यायल्यावर पोट रिकामं कुठलं?”

“चहा उपासाला चालतो,” मी म्हटलं. खरंच म्हटलं.

“उपासाला चालत असेल. गोळीला चालत नाही. मध्ये तासभर गेला पाहिजे.”

म्हणजे साडेपाचला उठायचं. मला सव्वासहालाच अंगावर धान्याचं पोतं टाकल्यासारखं व्हायचं. काकूंना कारण सांगावं, तर आईची ताकीद. मी त्यांना म्हटलं, “काकू, मी चहा सोडला.”

“बरं. दूध वाचलं,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून हाक बंद.

गोळी मात्र लागू पडली. दोन-अडीच महिन्यांत स्वेटर कपाटात गेला. टीम लीडरचे विनोद आटले. मी बरी होत होते, आणि इतकी एकटी मी आजारपणातही नव्हते. साडेसहाला खालून गाळणं आपटल्याचा आवाज यायचा. मी कॉटवर बसून ऐकायचे. चहा एकाच कपाचा असतो हे वरूनही कळतं.

एका रविवारी मला ते सहन होईना. म्हटलं, स्थळं गेली खड्ड्यात. बाटली घेतली आणि खाली जाऊन काकूंच्या ओट्यावर ठेवली. “काकू, चहा नाही सोडला मी. ही गोळी होती. मला सांगायची बंदी होती.”

काकूंनी चष्मा लावला. लेबल वाचलं. मग देव्हाऱ्याखालचा खण उघडला आणि माझ्या बाटलीशेजारी आपली बाटली ठेवली. तीच गोळी. फक्त डोसचा आकडा मोठा.

“साडेपाचला घेते. म्हणून तर चहा साडेसहाला. नाहीतर मला तासभर ताटकळायची काय हौस होती?”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“मुलीचं लग्न व्हायचं होतं. हे म्हणाले, बाहेर बोलू नकोस, तिलाही असेल म्हणतील. मग ती सासरी गेली, हे गेले. सांगायला कुणी उरलंच नाही.”

मी वरच होते की, एवढंच मला म्हणायचं होतं. मी दुसरा कप विसळायला घेतला.