चाचांचा वाढता कारखाना

जगातली कुठलीही गोष्ट संपते, यावर विश्वास नसलेला एकच माणूस मी पाहिला आहे, तो म्हणजे आमचे घरमालक. नारपोलीत त्यांच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्याला लागून दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही भाड्याने राहतो. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणते. गॅस संपला म्हणून चाची हाक मारतात, तर चाचा परातीत कोमट पाणी ओतून त्यात सिलिंडर उभा करतात, त्याची पाठ थोपटतात, आणि त्यावर खरंच आणखी एक वेळचा स्वयंपाक निघतो. कापडाच्या काठाची जी चिंधी लूमवर कापून पडते, ती बाकीचे लोक पोत्याने विकून टाकतात. चाचांच्या घरी मात्र तिची खाट विणलेली आहे, फाटक तिने बांधलेलं आहे, आणि ईदला बकरा आणला तेव्हा त्याच्या गळ्यातही तीच होती, सात रंगांची. बकरा इतका नटलेला दिसत होता की लोक विचारायला लागले, याचं लग्न आहे की काय.

जागा संपली, हे तर त्यांना कोणी सांगूच नये. बाजारातून मेथीची जुडी आणावी तसे ते कुठून तरी जुना लूम घेऊन येतात. आधी अंगणात लूम बसले, मग ओटा गेला, मग जिन्याखालची जागा गेली. जाड पाहुणे आले की त्यांना आडवं होऊन आत शिरावं लागतं, आणि परत बाहेर निघता यावं म्हणून चाची त्यांना जेवण कमीच वाढतात. दिवस पुरेना तेव्हा चाचांनी रात्रपाळी सुरू केली. यंदा लग्नसराईची मोठी ऑर्डर आली आणि दोन लूम थेट चाचींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. चाची शेगडी घेऊन बोळात आल्या. बीम म्हणजे सुताचा ओंडक्याएवढा रूळ, त्याच्याकडे हात करून त्या मला म्हणाल्या, "एक दिवस माझ्या खाटेवर लूम बसवतील आणि मला सांगतील, तू बीमवर झोप."

चाचांचं म्हणणं असं की धंदा पोरासारखा असतो, तो वाढलाच पाहिजे, वाढ थांबली की समजायचं आजारी पडला. हे ते चहावाल्याला सांगतात, न्हाव्याला सांगतात, मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगतात. एकदा चाची भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पोरगं पण एका वयाला वाढायचं थांबतं. न्हाय थांबलं तर त्यालाच डाक्टरकडं नेतात."  चाचा लगबगीने आत जाऊन एका चालू लूमला तेल घालायला लागले, ज्याला सकाळीच तेल घातलेलं होतं.

उन्हाळ्यात सूत कोरडं पडतं आणि सारखं तुटतं. म्हणून कारखान्यात फरशीवर पाणी मारतात, खिडक्यांना ओली गोणपाटं लावतात. हवा ओलसर राहिली तर कापड नीट निघतं. लूम वाढले तसं हे पाणीही वाढत गेलं, आणि मे महिन्यात चाचांची बोर खोकायला लागली. दोन बादल्या पाणी, मग नुसती हवा. कारागीर येऊन सांगायचे, "चाचा, धागा टिकता नहीं." ऑर्डर अर्धी बाकी होती आणि व्यापाऱ्याचा रोज फोन यायचा. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. चाचांनी बोर खोल करणारी गाडी बोलावली. ती गल्लीत मावेना, तर दोन घरांच्या पडव्यांचे पत्रे काढले आणि मग स्वतः शिडीवर चढून परत ठोकून दिले. संध्याकाळी बोरमधून फवारा उडाला तो आमच्या छपरापर्यंत. पोरं नाचली, वाळत घातलेले कपडे चिखलाने माखले, पण त्या दिवशी कोणी कोणावर रागावलं नाही. चाचा भिजल्या दाढीने सगळ्यांना सांगत होते, "बोललो व्हतो ना? खाली दर्या हाय दर्या." त्यांनी गल्लीभर जिलबी वाटली आणि एक पुडा मागच्या गल्लीत, लेकीच्या सासरी पाठवला. तिच्याकडे चार महिन्यांची तान्ही आहे, चाचांची पहिली नात.

जिलबी पोचली आणि दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, त्यांची बोर कोरडी पडली होती. चाचा म्हणाले, मोटर बिघडली असेल. मोटरवाला पाठवला, मोटर ठणठणीत निघाली. मग म्हणाले, पाइप चोंदला असेल. पाइपही साफ निघाला. शेवटी चाची म्हणाल्या, जरा आपली मोटर बंद करून बघा. चाचा हसले, पण त्यांनी बंद केली. चहा पिऊन होतोय तोवर फोन आला की पाणी चढलं. चाचांनी आपली मोटर चालू केली, तसं थोड्या वेळाने तिकडचं पाणी गेलं. दुपारभर ते हेच करत बसले, चालू, बंद, चालू, बंद. आता तरी वेगळं काही होईल असं त्यांना प्रत्येक वेळी वाटत असावं. लेक वैतागून म्हणाली, "अब्बा, एक काय ते ठरवा. पोरीचे लंगोट साबणात पडलेत."

चाचांनी तरीही दोन्ही ठरवलं. लूमही चालतील आणि लेकीला पाणीही मिळेल, म्हणून त्यांनी आपल्या बोरवरून तिच्या घरापर्यंत छपराछपरांवरून पाइप टाकला. ज्याच्या छपरावरून पाइप गेला तो म्हणाला, आमच्या डोक्यावरून नेताय तर आम्हाला पण थोडं द्या, आणि त्याने मध्येच आपली नळी जोडून घेतली. चाचांना कोणाला नाही म्हणता येईना. लेकीच्या बादलीत शेवटी जे पडलं, त्यात एखाद्या चिमणीची आंघोळ झाली असती. लेकीने त्या धारेचा व्हिडिओ पाठवला. तो बघून चाचा खूप हसले. मग परत लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत बघितला.

त्याच दिवशी त्यांनी व्यापाऱ्याला फोन केला. तो सगळ्या गल्लीने ऐकला, कारण चाचा फोनवर असं बोलतात की पलीकडच्या शेलार गावापर्यंत कळावं. अर्धीच ऑर्डर होईल, बाकीची दुसऱ्याला द्या, म्हणाले. समोरून भाव वाढवून द्यायची गोष्ट निघाली असणार. चाचा म्हणाले, "भाव राहू द्या शेठ. पाणी हाय का तुमच्याकडं?"

स्वयंपाकघरातले दोन्ही लूम कोन गावच्या एका माणसाने टेम्पोत घालून नेले. टेम्पो वळेपर्यंत चाचा त्याच्या मागे चालत गेले. इकडे चाचींनी जागा धुऊन शेगडी आत नेली आणि तांदळाची गोड सांदणं इतकी केली की कारागिरांनी, आम्ही आणि लेकीच्या सासरच्यांनी खाऊनही उरली.

आता दुपारी ऊन चढलं की चाचा आपली मोटर बंद करतात, म्हणजे मागच्या गल्लीत पाणी चढतं. पाण्यावाचून धागा टिकत नाही, म्हणून तेवढा वेळ सगळे लूमही थांबतात. पहिल्या दिवशी तर शेजारची म्हातारी घाबरून बाहेर आली आणि विचारू लागली, कोण गेलं. कारागीर आत कॅरम खेळतात. मी उंबऱ्यात बसून तयार कापडावरचे सुटे धागे कापते, तेव्हा चाचा समोरच्या पायरीवर येऊन बसतात. काही करायला नसलं की ते एकदम म्हातारे दिसतात. काल ते पायांखालच्या फरशीकडे बघत हळूच मला म्हणाले, "वहिनी, खाली अजून किती हाय, कोणाला म्हाईत."

 तेवढ्यात मागच्या गल्लीत लेकीची मोटर सुरू झाली. इतक्या वर्षांत लूमच्या आवाजात ती आम्हाला कधी ऐकूच आली नव्हती. चाचा मान वाकडी करून ती बंद होईपर्यंत ऐकत राहिले, आणि बंद झाल्यावरही लगेच उठले नाहीत.