देव नव्हता, भुऱ्या होता

मोशीचा पूल मागे पडला तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. ज्योतीराम अनवाणी चालत होता. डावा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. भुवईवरच्या नऊ टाक्यांवर त्याच्या आईनं, अंबूबाईनं, पहाटे भंडारा लावला होता. घामानं त्याचा पिवळा ओघळ गालावर आला होता. माझ्या खांद्याला नायलॉनची पिशवी होती. तिच्यात त्याचं फोमचं तरसाचं डोकं होतं, रक्त सुकून कडक झालेलं.

"मावशी," तो म्हणाला, "टेकडीवर गेल्यावर मी खरं सांगणार."

"काय खरं?"

"देव आला नव्हता म्हणून."

मी पुढे बघितलं. आमच्या गल्लीतला दिग्विजय वीसेक पावलं पुढे होता. त्याच्या हातात नवा कोटंबा होता, खंडोबाचे वाघ्ये ज्यात भिक्षा घेतात तो लाकडी कटोरा. त्याची चार पोरं हलगी वाजवत होती. ज्योतीरामचा हात मोडणारी ती हीच माणसं, आणि आज चंपाषष्ठीला त्याला वाघ्या करायला चाकणच्या पुढच्या खंडोबाच्या टेकडीवर वाजतगाजत नेणारीही हीच.

"गप चाल," मी म्हणाले. "देवाच्या नावानं फसवलंस म्हणेल तो. ह्या वेळी जीव घेईल तुझा."

"घेऊ द्या की."

"आईचा विचार कर जरा."

त्यानं मागे वळून अंबूबाईकडे बघितलं.

ज्योतीराम धाराशिवकडचा. वय सत्तावीस. चिखलीत आमच्याच इमारतीत वरच्या खोलीत तो आणि अंबूबाई राहतात. चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत आम्ही दोघंही आहोत. मी शिलाईला, तो फोम कापायला. सहा वर्षं कंत्राटी. लाईनवर मान वर करून बोलताना मी त्याला कधी पाहिलं नाही. सुपरवायझर दिसला की त्याचे खांदे कानाला लागायचे.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या मशीनपाशी आला. भंगारातल्या फोमचा रीतसर गेटपास काढलेला होता. पिशवीत करडं केसाळ कापड होतं. "मावशी, एवढी शिवण मारून देता का? माझ्या हातानं वाकडी येते."

"काय आहे हे?"

"कान."

"कुणाचे?"

"तरसाचे."

मी शिवून दिले. काय सांगू, विचारायचं राहूनच गेलं. महिनाभर रोज काहीतरी आणायचा. जबडा, मानेवरची आयाळ, शेपूट. डोक्याच्या आत हेडरेस्टचा जाड फोम मीच कापून बसवला. सगळं जोडून त्यानं ते डोक्यावर चढवलं आणि मी मागे सरकले. ज्योतीराम ताठ उभा होता. छाती बाहेर. सहा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की हा पोरगा उंच आहे.

"म्हणजे तू तरस आहेस का रे?" मी विचारलं.

"न्हाई हो मावशी. मी ज्योतीरामच. आधार कार्ड बघा की." आतून हसल्याचा आवाज आला. "आम्हाला फरी म्हणतात. लई जण आहेत जगात. ज्याचा त्याचा एक प्राणी असतो, ज्यानं त्यानं मनानं घडवलेला. माझा भुऱ्या. भुऱ्या झालो की मला कुणाची भीती वाटत न्हाई. एवढंच."

"लोक काय म्हणतात?"

"मोबाईलवर घाण घाण बोलतात. त्यात काय, सुपरवायझर पण बोलतो."

तरसच का, ते त्यानं नंतर सांगितलं. तीन वर्षांपूर्वी शिक्रापूरच्या रस्त्यावर पहिल्या शिफ्टची बस थांबली. कंटेनरनं तरसाला उडवलं होतं. कंबर मोडली होती, पुढच्या दोन पायांवर ते रस्त्याकडेला सरपटत होतं. लोक खाली उतरले. कुणी पाईप आणला, कुणी दगड. तोंडावर मारत होते आणि ते ओरडलं की हसत होते. एकानं शेपटी धरून मागे ओढलं. "मीबी एक दगड मारला, मावशी. सगळे मारत होते म्हणून. डोळ्यावर बसला त्याच्या."

एकदा तो मला पिंपळे सौदागरला त्यांच्या मेळाव्याला घेऊन गेला होता. मोठ्या सोसायटीचा हॉल, अकरा जण. एक मुलगी कोल्हा होती. तिला ऑफिसचा फोन आला, तर कोल्ह्याचं डोकं काखेत धरून ती इंग्रजीत भांडत होती. मला हसू आवरेना. पण एक गोष्ट मी पाहिली. ज्योतीरामला तिथं कुणी विचारलं नाही की कुठल्या कंपनीत, परमनंट की कंत्राटी, गाव कुठलं, आडनाव काय. विचारलं फक्त, "तुझा प्राणी कोणता?" आणि सांगितल्यावर जागा करून दिली.

मी देवाधर्माची बाई आहे. रविवारचा उपास सोडत नाही. कुळदैवत खंडोबा. लहानपणी मामाच्या गावी वाघ्ये कोटंब्यात तोंड घालून भुंकत जेवायचे आणि बायका त्यांच्या पाया पडायच्या. धन्याच्या दारातलं कुत्रं होणं ही आमच्यात लाज नाही. म्हणून असेल, ज्योतीरामचं मला फार विचित्र वाटलं नाही. पण तो स्वतःच म्हणायचा, "ते वेगळं मावशी. ते देवासाठी असतं. हे माझ्यासाठी."

मग तो रविवार आला. दुपारी मी गच्चीवर गहू वाळत घातले होते. ज्योतीराम अंगावर सगळं चढवून मोबाईलसमोर व्हिडिओ काढत होता. खाली गल्लीत ओरडा झाला. मोरीपाशी राहणाऱ्या कुत्रीनं दिग्विजयच्या पुतणीला चावा घेतला होता. पोरगी दवाखान्यात नेली होती आणि दिग्विजय पोरांना घेऊन कुत्रीमागे लागला होता. तिला भिंतीच्या कोपऱ्यात दाबलं होतं. पहिल्या गजानं तिचा पाठीचा कणा मोडला, तो आवाज मी गच्चीवर ऐकला.

वळून बघते तर ज्योतीराम नव्हता. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

तो तसाच, तरसाच्या डोक्यानिशी, त्यांच्यात घुसला आणि कुत्रीवर पालथा पडला. मारण्याच्या आवेगात असलेली माणसं थांबत नाहीत. बहुतेकांनी तर बघितलंच नसेल कशावर मारतायत. गज पाठीत बसला, हातावर बसला. हात कोपराखाली नको तिकडे वळला. एकानं डोक्यावर घातला. फोम फाटला, आणि फटीतून रक्त करड्या केसांत उतरलं. मी जिना उतरत होते. "अरे ज्योतीराम आहे रे तो!" असं ओरडायला हवं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही.

माझ्याआधी अंबूबाई पोचली. तिनं ते केसाळ डोकं, ती आयाळ, ते रक्त बघितलं आणि दोन्ही हात वर करून किंचाळली, "मल्हारी आला! देवाचं कुत्रं झालं माझं लेकरू! येळकोट येळकोट!"

गज हवेत थांबले.

एक पोरगा गज टाकून गुडघ्यावर बसला. कुणी घरातून भंडारा आणून ज्योतीरामवर उधळला. दिग्विजयचा चेहरा पांढरा पडला होता. तो चिखलीतल्या जुन्या घराण्यातला, सगळी गल्ली त्याला वचकून. तो रक्तात हात टेकून म्हणाला, "देवा, चुकलो. आमास्नी दिसलं न्हाई."

कुत्री तोवर मेली होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

तेव्हापासून पंधरा दिवस दिग्विजयच्या घरून रोज तांब्याभर दूध येत होतं. त्यानं दाढी केली नव्हती, पायात चप्पल घातली नव्हती. चंपाषष्ठीला ज्योतीरामला वाघ्या करायचं, त्यानं कोटंबा घ्यायचा, मग आपलं पाप फिटेल, असं त्यानं ठरवलं. अंबूबाईनं तर नवसच बोलला.

वाटेत चाकणच्या चौकात चहाला थांबलो. ज्योतीरामनं आईला बाजूला घेतलं. मी जवळच होते.

"आई, देव आला नव्हता. मला सगळं कळत होतं. मीच होतो."

अंबूबाईनं चहा बशीत ओतला. "देव काय तुला सांगून येतो व्हय रे? पाच माणसांचे हात थांबले. ते कुणी थांबवले, तू?"

ज्योतीरामनं आपला चहा तसाच खाली ठेवला.

टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. पायरीवर भंडारा सांडला होता. दिग्विजयनं कोटंबा पायरीवर ठेवला आणि सगळ्यांदेखत ज्योतीरामच्या पायावर डोकं ठेवायला वाकला. ज्योतीरामनं पाय मागे घेतले.

"पाया पडू नका, भाऊ. देव नव्हता."

"मंग कोण व्हतं?"

"मीच होतो. त्या कुत्रीला मारू नये असं वाटलं. ते डोकं मी हौसेनं करून घातलं होतं. देवाचं नाव खोटं कसं घेऊ?"

हलगी थांबली. दिग्विजय सावकाश सरळ झाला. "पंधरा दिस दूध घातलं म्या तुला. बत्तीस किलोमीटर अनवाणी आलो. गाव बघतंय. आन् तू म्हनतो हौस?"

"मी दूध मागितलं नव्हतं, भाऊ."

दिग्विजयनं कोटंबा उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. दात तुटल्याचा आवाज झाला. ज्योतीराम पायरीवर आदळला, प्लॅस्टरचा हात खाली आला आणि तो गुरासारखा ओरडला. मग पोरं तुटून पडली. एकजण बरगडीत लाथा घालत होता, मोजून घातल्यासारख्या, थांबत थांबत. दिग्विजय कोटंब्यानं मारतच होता. "हौस! हौस हाय का तुला! घे हौस!" टाके उसवले. अंबूबाई पायरीला टेकून मटकन खाली बसली होती, तिच्या घशातून नुसता वारा निघत होता. वर जाणारी माणसं कडेनं वाट काढत जात होती. एक बाई आपल्या पोराचे डोळे झाकून चढून गेली.

मी मध्ये पडले. एक फटका माझ्या मनगटावर बसला. ज्योतीरामचा श्वास तोंडातल्या रक्तातून बुडबुडत होता. मला कळलं की आता हे थांबलं नाही तर हा मरतो.

मी पिशवीतून ते फाटकं डोकं काढलं, दोन्ही हातांनी वर धरलं आणि ओरडले, "मल्हारी आला! त्याच्या दारात त्याला मारताय! येळकोट येळकोट!"

पोरं थांबली. एकानं जीभ चावून कान धरले. वर जाणारी माणसंही थबकली आणि हात जोडून उभी राहिली. दिग्विजय रक्तानं माखलेला कोटंबा धरून माझ्याकडे बघत होता. मी खोटं बोलतेय हे त्याला माहीत होतं. पण देव खरंच आला नसेल अशी खात्री त्याला नव्हती. त्यानं कोटंबा पायरीवर ठेवला आणि पोरांना घेऊन निघून गेला.

मी त्या दिवशी वर गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाच्या नावानं खोटं ओरडले, तेही त्याच्या पायरीवर. कुणीतरी एकशेआठला फोन लावला होता. मी ज्योतीरामचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पदरानं तोंड पुसलं. पदरात अर्धा दात आला. अंबूबाई त्याचे तळवे चोळत होती आणि मला म्हणत होती, "बघितलंस ना बाई? पुन्हा आला. हाकेसरशी आला."

ज्योतीरामचा एक डोळा उघडा होता. त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ हलवायला त्याला फार वेळ लागला. मी कान जवळ नेला.

"मावशी," तो म्हणाला, "भुऱ्या शिवून द्या मला. जबडा तेवढा घट्ट घ्या."

"देते रे. तू बोलू नकोस आता."

त्यानं मान हलवली. अजून संपलं नव्हतं.

"आणि परत कधी मला मारायला लागले, तर देवाला हाक मारू नका. माझं नाव घेऊन ओरडा. ज्योतीरामला मारतायत म्हणा. बघू, कुणी थांबतंय का."