आबांच्या वडिलांची बोट

पाण्यात उतरायला मी उतारवयात शिकले, तेही हौसेनं नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जीव खाल्ला म्हणून. नाशिकच्या तरणतलावात शाळकरी पोरं सूर मारायची आणि मी पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशी बसायचा सराव करायची. गुडघे दुखायचे, कानात दडे बसायचे. घरी आलं की आबांचा एकच प्रश्न, "झालं का शिकून?"

आबांचे वडील मनमाडला रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. महायुद्धात बोटींनाही अशी माणसं हवी होती, तसे ते गेले. आबा तेव्हा पाळण्यात होते. पुढे श्रीलंकेजवळ बोट बुडाल्याची खबर आली, तीही उशिरा आणि कुणाच्या तरी तोंडून. माणसाचा थांगपत्ता लागला नाही. तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं श्राद्ध कायम सर्वपित्री अमावास्येला.

रेल्वेच्या चाळीतली तोंडं मात्र गप्प बसली नाहीत. "बुडतोय कशाचा, कोलंबोला दुसरं घर केलं असंल." आबांनी हे शाळेत ऐकलं, स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत ऐकलं. त्यापायी मारामाऱ्या केल्या. आपले वडील मेलेच आहेत, आपल्याला टाकून गेलेले नाहीत, हे लोकांना पटवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आम्ही जेवायला बसलो की बोट, कांदे निवडायला बसलो की बोट. मला त्याचं कधी हसू आलं नाही. मी नुसती थकत गेले.

मग भाच्यानं, म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलानं, आबांना पाठ असलेलं बोटीचं नाव मोबाईलवर शोधून दाखवलं की त्या बुडालेल्या बोटीपर्यंत लोक मौजेखातर जातात. आबा पंच्याऐंशीच्या घरात. "मला कोण खाली सोडतंय? तू जा. ते तिथं हायेत का, येवढं बघून ये. मंग मी मोकळा." भाऊ मला नाही, भाचा नोकरीत अडकलेला. निवृत्त मास्तरीण म्हणजे रिकामीच, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

श्रीलंकेत किनाऱ्यावरून निघालो आणि खालच्या बोटीपर्यंत पोचायच्या आधी मला वरचीच बोट लागली. दोनदा ओकले. सोबतचा शिकवणारा म्हणाला, आज राहू दे, उद्या बघू. मी नको म्हटलं. हे सगळं पुन्हा करायची ताकद माझ्यात नव्हती.

दोर धरून खाली गेलो. बोट कुशीवर पडली होती. शेवाळ आणि शिंपल्यांखाली लोखंड ओळखू येईना. जिथं पत्रा फाटला होता तिथून शिकवणाऱ्यानं बॅटरीचा झोत आत टाकला. बॉयलर दिसला, भट्टीची गोल तोंडं दिसली. इथंच ते फावडं घेऊन उभे राहत असणार. मी डोळे फाडून बघत राहिले. गाळ होता, मासे होते. हाड नाही, चिंधी नाही. इतक्या वर्षांनी काही उरणार नाही हे मला नाशिकमध्येच ठाऊक होतं, तरी डोळ्यांवरच्या काचेआड मी रडले. कधी न पाहिलेल्या त्या माणसाचा मला राग आला. असाल तर काहीतरी दाखवा हो, माझा बाप तिकडं ताटकळलाय, असं मनात म्हणाले. मग हवा कमी झाली आणि आम्ही वर आलो.

परतीच्या वाटेवर मी खोटं सांगायचं ठरवलं. दिसले म्हणायचं, म्हातारा सुखानं डोळे मिटेल. घरी पोचले तेव्हा आबा बशीत चहा ओतून बसले होते. त्यांच्या तोंडाकडे बघून खोटं फुटेना.

"बोट आहे, आबा. भट्टीही आहे. माणूस नाही दिसला."

"कोणीच नाय?"

"कोणीच नाही."

आता हे खचणार, असं मला वाटलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. चहावर साय धरली.

"मंग निघाले असतील," आबा म्हणाले. "पोहता यायचं त्यांना."

"पण आबा, मग ते घरी का नाही..."

"नसंल यायचं." त्यांनी बशी उचलली. "जगले म्हंजे झालं."